काचदाराचा फ्रीझर −१० वरच अडकलाय, मेकॅनिक म्हणतो गॅस भरा

बंदरकाठ

नमस्कार मंडळी. ठिकाण मालवण, दुकान समुद्रापासून जेमतेम दोनशे मीटरवर. उभा, दोन काचदारांचा डिस्प्ले फ्रीझर आहे, हजार लिटरचा, आत पंखा फिरणारा. नेमप्लेटवर गॅसचं नाव आर-४०४ए लिहिलंय. आत आइस्क्रीम, गोठवलेल्या सुरमई-कोळंबीची पाकिटं आणि हापूसचा रस.

मे महिन्यात डिस्प्लेवर −२० दिसायचं. पाऊस लागल्यापासून −१० च्या खाली उतरत नाही. कॉम्प्रेसर थांबतच नाही. काचांवरून पाणी निथळतंय, आत मागच्या पत्र्याच्या खालच्या अंगाला बर्फाचा थर धरलाय आणि दाराखाली लादीवर पाण्याचं तळं. आतल्या पंख्याची आधी चार दिवस खरखर होती, आता आवाजच बारीक झालाय.

मेकॅनिकने पाइपला हात लावून सांगितलं, गॅस कमी आहे. गेल्या पावसाळ्यातही याच दिवसांत गॅस भरून झालाय. खरंच दर वर्षी गॅस संपतो का? आणि समुद्राकाठी अशा फ्रीझरची देखभाल नेमकी कशी, किती दिवसांनी करायची?

फ्लेअरनट

बर्फ वितळवायच्या आधी त्याचा फोटो काढा. या दुखण्याचं निदान बर्फ कुठे बसलाय यावरून होतं, आणि आल्या आल्या गरम पाणी ओतलं की तो पुरावाच वाहून जातो.

माल थर्माकोलच्या पेट्यांत बर्फ घालून हलवा. प्लग काढा. मग आतल्या मागच्या पत्र्याचे स्क्रू काढून पत्रा हळू पुढे घ्या. पंख्याची वायर बऱ्याचदा त्याच पत्र्याला असते, हिसका देऊ नका. पत्रा गोठून चिकटला असेल तर समोर टेबल फॅन लावून अर्धा तास थांबा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला गेलात आणि टोक मागच्या कॉइलच्या (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या) नळीत घुसलं, तर शेकड्यातलं काम हजारांत जातं.

आता कॉइल बघा. अख्खी कॉइल पांढरीफेक, फिनांमधल्या (नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांमधल्या) फटी बर्फाने बुजलेल्या असतील तर डिफ्रॉस्ट, म्हणजे आपोआप बर्फ वितळवणं, होत नाहीये, गॅसचा संबंध नाही. कॅपिलरी (कॉइलमध्ये गॅस सोडणारी केसासारखी बारीक नळी) जिथे कॉइलला मिळते तिथल्या दोन-चार नळ्यांवरच बर्फ आणि पुढची कॉइल कोरडी असेल, तर गॅस कमी आहे किंवा ड्रायर (गॅसमधला ओलावा टिपणारी डबी) वा कॅपिलरी चोक आहे. आणि कॉइल बरी पण दाराच्या चौकटीवर, दाराजवळच्या मालावर भुरभुरीत बर्फ, तर दाराचं रबर हवा घेतंय.

तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं. पाती बर्फाला घासत होती तोवर खरखर. आता कॉइल इतकी बुजली की पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही, म्हणून आवाज बारीक. हवा फिरत नाही म्हणून कपाट थंड होत नाही, कपाट थंड होत नाही म्हणून कॉम्प्रेसर थांबत नाही. गॅस भरायला आलेला माणूस आधी बर्फ काढतो, मग गॅस घालतो. मशीन पंधरा दिवस झकास चालतं, ते बर्फ काढल्यामुळे. श्रेय मात्र गॅस घेऊन जातो.

डिफ्रॉस्टची साखळी अशी: साधारण सहा तासांनी कंट्रोलर कॉम्प्रेसर बंद करून कॉइलखालचा हीटर लावतो. २० ते ३० मिनिटांत बर्फ वितळतो, कॉइल ८-१० अंशांवर आली की बायमेटल (थंडीत जुळणारा, गरम झाला की सर्किट तोडणारा स्विच) किंवा सेन्सर हीटर तोडतो. यातलं एक जरी मेलं तरी बर्फ साचत जातो.

हीटरची दोन्ही टोकं सोडवून मल्टिमीटरने ओहम मोजा. हिशोब सोपा आहे, २३० चा वर्ग भागिले वॉट. ३०० वॉटचा हीटर १७६ ओहमच्या आसपास दाखवायला हवा, ४५० वॉटचा ११८. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला. हीटरच्या ओळीत एक थर्मल फ्यूज असतो, तो कायम जोडलेला दिसला पाहिजे. बायमेटल खोलीच्या तापमानाला तुटलेलाच असतो, त्यामुळे टेबलावर तपासून ‘खराब’ म्हणून फेकू नका. नुसत्या बर्फाच्या पाण्यातही बरेच बायमेटल जुळत नाहीत, शून्याच्या चांगलं खाली जावं लागतं. फोडलेल्या बर्फात दोन मुठी मीठ कालवा, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाच-सात मिनिटं धरा, मग मीटर लावा.

हे सगळं बरं निघालं तर कंट्रोलरकडे वळा. डिक्सेलसारख्या कंपनीच्या कंट्रोलरवर डिफ्रॉस्टचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की हाताने डिफ्रॉस्ट सुरू होतो. मात्र कॉइल थंड असतानाच दाबा. गरम कॉइलवर बायमेटल तुटलेला असतो आणि तुम्ही उगाच कंट्रोलरला नावं ठेवाल. क्लॅम्प मीटर हीटरच्या वायरवर लावा. ३०० वॉटला १.३ अँपिअर दिसले पाहिजेत.

बंदरकाठ

फ्लेअरनटभाऊ, पत्रा काढला. कॉइल खालून वर पूर्ण पांढरी, फिन दिसतच नाहीत. दोन हीटर आहेत. एकाचे १७९ ओहम, दुसऱ्याचं काहीच नाही. तळाच्या पन्हळीत दोन बोटं जाड बर्फ आणि नळीचं तोंड पूर्ण गोठलेलं. खाली कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पाहिला तर त्याचे फिन बोट लावताच भुगा होऊन पडतायत, पांढरी भुकटी. हे काय?

फ्लेअरनट

म्हणजे अर्धाच हीटर चालत होता. मेमध्ये अर्ध्या हीटरवर भागलं, जूनमध्ये नाही भागलं.

कारण हवेतलं पाणी. २८ अंश आणि ८८ टक्के दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. तेच एप्रिलमधल्या सोलापुरात, ३८ अंश आणि २० टक्क्यांना, ९ ग्रॅम. अशा फ्रीझरची चाचणी बहुधा ३० अंश आणि ५५ टक्क्यांना घेतात, म्हणजे १७ ग्रॅमच्या आत. सोलापूरवाल्याचं मशीन उन्हाने दमतं, आपलं पाण्याने. दार उघडलं की ही हवा आत शिरते आणि त्यातलं जवळजवळ सगळं पाणी कॉइलवर जाऊन बसतं.

हीटर जोडीने बदला, नेमप्लेटवरचा वॉट आणि लांबी तीच घ्या. वाढीव वॉटचा टाकू नका, आतलं प्लास्टिक वाकतं आणि माल पाझरतो. कंट्रोलरमध्ये दोन डिफ्रॉस्टमधलं अंतर बदलता येतं. डिक्सेलवर त्या सेटिंगचं नाव आयडीएफ. जून ते सप्टेंबर ते सहाऐवजी चार तास करा, दिवाळीनंतर परत सहा. डिफ्रॉस्टची जास्तीत जास्त वेळ ३० मिनिटांवर राहू द्या.

पन्हळ गरम पाण्याने मोकळी करा. उकळतं नको, हाताला सोसवेल इतकंच. नळीत सायकलच्या ब्रेकची जुनी वायर घालून शेवाळ-चिकटा ओढून काढा, मग तांब्याभर पाणी ओतून ते खालच्या ट्रेमध्ये पोचतं का बघा. पन्हळीखाली नळीचा वेगळा बारीक हीटर असतो. तो मेला की हेच पाणी पुन्हा तोंडाशी गोठतं. त्यालाही मीटर लावा. नळीच्या खालच्या टोकाला यू-वळण किंवा रबरी चोच असते, ती निघालेली असेल तर बाहेरची दमट हवा थेट नळीतून आत चढते आणि तोंड पुन्हा गोठतं.

आणि लादीवरचं तळं? ट्रेमधलं पाणी कंडेन्सरच्या गरम हवेने सुकून जावं अशी ती रचना आहे. आषाढात सुकतंय कुठे. ट्रेला भोक पाडून नळी बाहेरच्या मोरीत सोडा, कंपनीच्या माणसाला आवडो न आवडो.

खारवारा

कंडेन्सरबद्दल लिहितो. ती पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमचे फिन एकमेकांना टेकलेले, वर खाऱ्या वाऱ्याचा ओलावा. दोन धातू आणि मिठाचं पाणी मिळून छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. फिन नळीपासून सुटले की कंडेन्सर दिसायला जागेवर असतो, पण उष्णता सोडत नाही. मग कॉम्प्रेसर तापतो, ओव्हरलोड (तापल्यावर वीज तोडणारा स्विच) तोडतो आणि दर काही मिनिटांनी ‘टक’ असा आवाज येत राहतो.

आता बदलावाच लागेल. घेताना निळ्या किंवा इपॉक्सी लेपाचे फिन मागा. किंवा लोखंडी तार-नळीचा रंगवलेला कंडेन्सर बसतो का ते विचारा, तो मिठाला जास्त टिकतो आणि साफही पटकन होतो. आकार जुन्यापेक्षा लहान नको. जोडायच्या आधी पंख्याची दिशा बघून घ्या. बऱ्याच मशीनमध्ये पंखा कंडेन्सरमधून हवा ओढून कॉम्प्रेसरवर सोडतो. मोटर उलटी बसवली तर पंखा फिरताना दिसतो, पण मशीन मात्र तापतं.

नव्याची निगा: पंधरा दिवसांनी मऊ ब्रशने फिनच्या उभ्या रेषेतच धूळ झाडा. आडवा ब्रश मारला की फिन वाकतात. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा.

कोल्डरूम_रत्नांग्री

धुवायला नको असं माझं मत. खाली टर्मिनल, कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले, पंख्याची मोटर, सगळं तिथेच असतं. ब्लोअर पुरे.

खारवारा

घाटावर ब्लोअर पुरे, कबूल. इथे नाही. धूळ उडते, मीठ उडत नाही. ते फिनला चिकटून बसतं आणि रात्री ओलावा ओढून परत कामाला लागतं. मीठ घालवायला पाणीच लागतं.

तुमची भीती खोटी नाही, म्हणून पद्धत नीट पाळायची. प्लग काढा, पंख्याची मोटर आणि कॉम्प्रेसरचा टर्मिनल-डबा प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधा, खाली ट्रे सरकवा. हातपंपाचा फवारा घ्या, पण नवा. आंब्यावर औषध मारलेला पंप खाण्याच्या दुकानात आणू नका. लिटरभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन चमचे, हवेच्या उलट दिशेने, म्हणजे आतून बाहेर फवारा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने दोनदा. किनाऱ्यावरच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, नाहीतर मिठाने मीठ धुतल्यासारखं होईल. मग ब्लोअरने सुकवून तासाभराने प्लग. बाथरूमचं ॲसिड आणि कॉस्टिक दोन्ही वर्ज्य, ॲल्युमिनियम दोघांनाही विरघळतं.

धुताना यू-वळणांवर बारीक नजर टाका. हिरवट डाग आणि त्यावर तेलाचा ओशट थर दिसला की गॅस तिथून जातोय.

कोल्डरूम_रत्नांग्री

पिशव्या बांधून असेल तर हरकत नाही. पण लाडघर-हर्णैच्या वाळूवर उभ्या असलेल्या टपऱ्यांमध्ये पिशवी बांधतो कोण? तिथे मी तरी ब्लोअरच सांगेन.

फ्लेअरनट

कंडेन्सर बदलताना गॅस उतरवावाच लागणार, तेव्हा ते काम नीट करून घ्या. आमच्याकडे म्हणतात तसं, गॅस कमी झालो तर तो खंयतरी गेलो, उडान जावक तो काय कापूर न्हय. गळती सापडल्याशिवाय भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

क्रम: जुना ड्रायर कापून नवा लावा. दर वेळी सिस्टिम उघडली की नवा, यात काटकसर नको. सांधे मारताना आतून नायट्रोजनची हलकी धार सोडा म्हणजे आत काजळी धरत नाही. मग १५० पीएसआय नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावा आणि किमान तासभर काटा हलतो का बघा. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचं सिलिंडर कोणी जोडू लागलं तर हात धरा. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. त्यानंतर व्हॅक्यूम, पंपानेच, ५०० मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्यूमचं माप). आपल्या दमट हवेत पंप कमी वेळ चालवला तर ओलावा आत राहतो आणि कॅपिलरीच्या तोंडाशी बर्फ होऊन गोठतो. मशीन दोन तास चालतं, मग अडतं, बंद ठेवलं की परत चालतं. असं चक्र दिसलं की व्हॅक्यूम कमी पडलाय असं समजा.

शेवटी गॅस, नेमप्लेटवर लिहिलेल्या ग्रॅमइतका, वजनकाट्यावर मोजून. आर-४०४ए हे मिश्रण आहे, ते सिलिंडर उलटं करून द्रवरूपातच भरायचं, नाहीतर घटकांचं प्रमाण बिघडतं. नुसता ‘पाइप थंड झाला, बस्स’ हा अंदाज कॅपिलरीच्या मशीनला चालत नाही.

नवं मशीन घेणाऱ्यांसाठी एक: त्यावर आर-२९० लिहिलं असेल तर तो प्रोपेन आहे, स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद. त्यात गॅस शंभर-दीडशे ग्रॅमच्या घरात असतो आणि पाच-दहा ग्रॅमनेही फरक पडतो. भरलेल्या सिस्टिमला टॉर्च लावायची नाही, आणि साधा उघडा रिले बसवायचा नाही. ठिणगी पडली तर जवळचा गळका गॅस पेटतो. हे काम ज्याने शिकलंय त्यालाच द्या.

वायरमन_तळकोकण

बिघाडाचं एक कारण राहिलं, वीज.

व्होल्टेज १९० च्या खाली असताना कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतो, रिले तापतो, वाइंडिंग जळतं. संध्याकाळी सात ते दहा दरम्यान मशीन सुरू होत असतानाच प्लगमध्ये मीटर लावून बघा. मशीन बंद असतानाचं २३० काही सांगत नाही. स्टॅबिलायझर तीन मिनिटं विलंब असलेला घ्या. वीज जाऊन लगेच आली की कॅपिलरीच्या दोन्ही बाजूंचा दाब अजून सारखा झालेला नसतो आणि कॉम्प्रेसर भरल्या दाबावर ढकलावा लागतो. वायर २.५ चौरस मिमी, सॉकेट १६ अँपिअर. एक्स्टेन्शन बोर्डवर हा फ्रीझर दिसला की मी आधी बोर्डाचं टोक हुंगतो, प्लास्टिक जळल्याचा वास असतोच.

दाराच्या चौकटीला हात लावला की मुंग्या येत असतील तर ते हसण्यावारी नेऊ नका. जांभ्या दगडात अर्थिंगचा खड्डा मुळातच कमी पकड देतो, एप्रिल-मेमध्ये माती सुकली की आणखी कमी. इलेक्ट्रोडभोवती कोळसा-मीठ आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी. बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवाच. आणि तो आरसीसीबी ठरावीक अंतराने, म्हणजे दर चार-सहा तासांनी पडत असेल तर कारण शोधत बसू नका. तो डिफ्रॉस्टच्या वेळेलाच पडतोय, ओल्या झालेल्या हीटरमधून करंट बॉडीला गळतोय. मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) हीटर ते बॉडी ५०० व्होल्टला तपासा. एक मेगाओहमच्या खाली उतरला की हीटर बदला. आरसीसीबी काढून टाकणारा वायरमन मात्र दारात उभा करू नका.

रिलेच्या पॉइंटमध्ये मुंग्या शिरून चिरडतात, पाली कंट्रोलरच्या पाठीमागे ऊब शोधत बसतात. केबल शिरते ती फट सिलिकॉनने बुजवा. वायरच्या टोकांचे लोखंडी थिंबल गंजून काळे झालेत का ते सहा महिन्यांनी बघा. टिनचा मुलामा असलेले थिंबल लावा, आवळल्यावर वरून थोडी ग्रीस.

बंदरकाठ

काचांचं राहिलं. एकाने सल्ला दिलाय की काचेचा हीटर सोडवून टाक, बिल कमी येईल.

खारवारा

घाटावर जानेवारीत चालेल. इथे पावसाळ्यात नाही. २८ अंश, ८८ टक्के हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या जवळ येतो. काचेचा बाहेरचा पृष्ठभाग त्याखाली गेला की पाणी धरणारच. हीटरचं काम तेवढंच, काच दोन अंश वर ठेवणं. तो काढलात तर गिऱ्हाइकाला आतलं काही दिसणार नाही, मग ते दार उघडून बघत उभं राहील, आणि वाचवलेली वीज त्या उघड्या दारातून जाईल.

दोन दारांपैकी एकाच दाराची काच निथळत असेल तर खालच्या किंवा वरच्या बिजागरीतून जाणारी वायर तपासा. दार उघडझाप होऊन ती तिथेच तुटते, बाहेरून अख्खी दिसते. धुकं दोन काचांच्या मधल्या पोकळीत असेल तर आतला वायू गेलाय आणि सील सुटलंय, पुसून उपयोग नाही, काचेचा संच बदलावा लागतो.

दाराचं रबर: कागदाची पट्टी रबर आणि चौकटीत धरून दार लावा, ओढून बघा, चारही बाजूंनी, कोपऱ्यांत विशेष. सहज सुटली तिथे हवा जाते. नव्वद टक्के वेळा रबर खराब नसतं, घडीत काळी बुरशी आणि आइस्क्रीमचा चिकटा असतो. कोमट साबणपाणी आणि टूथब्रश. वाकलेला कोपरा हेअर ड्रायरने गरम करून दार बंद ठेवा, तासाभरात आकार धरतो. वरून सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, खोबरेल नको, त्याने रबर फुगतं. पुढचे दोन पाय एक-दोन आटे उंच करा म्हणजे दार आपल्या वजनाने मिटतं.

मत्स्यपेटी

दुकानदारच करतात त्या चुकीबद्दल. डिस्प्ले फ्रीझर गोठलेला माल राखायला असतो, गोठवायला नव्हे. बंदरावरून आलेली २० किलो ताजी मासळी यात टाकली तर २५ अंशांवरून −१८ ला न्यायला सुमारे दोन युनिटांइतकी उष्णता ओढावी लागते. काचेतून येणारी उष्णता झेलून याच्याकडे फारसं काही उरत नाही. मासळी रात्रभर अर्धी कच्ची राहते आणि शेजारचं आइस्क्रीम मऊ पडून परत गोठतं, मग त्यात बर्फाचे खडे. आधी चेस्ट फ्रीझरमध्ये पसरून गोठवा, मग काचेत मांडा.

मागच्या पत्र्याला चार बोटं जागा सोडा. खालची जाळी आणि वरचं हवेचं तोंड झाकू नका. डिस्प्लेवरचा आकडा सेन्सरपाशी फिरणाऱ्या हवेचा असतो, मालाचा नाही. वेगळा थर्मामीटर मधल्या फळीवर दोन पाकिटांच्या मध्ये खुपसून ठेवा. −१८ तिथे यायला हवं.

आणि बंदरकाठ, −१० ला आठवडाभर राहिलेल्या मालाकडे बघून घ्या. एकत्र चिकटलेली कोळंबी, पाकिटाच्या तळाशी गोठलेलं लाल पाणी म्हणजे माल मधे सुटला होता. सुरमई-बांगड्यात असं झालं की हिस्टामिन (ॲलर्जीसारखा त्रास देणारा विषारी घटक) वाढतो, आणि तो परत गोठवून किंवा तळून जात नाही.

बंदरकाठ

दोन्ही हीटर आणि कंडेन्सर कुडाळहून मागवतोय. कोळंबीची पाकिटं खरंच चिकटलेली निघाली, काढून टाकली. शेवटचं एक: नवा हीटर बसवताना बायमेटल कुठे लावायचा? जुन्याची क्लिप गंजून तुटलीय, कुठे होती ते कळत नाही.

फ्लेअरनट

कॉइलवर जिथे बर्फ सर्वांत शेवटी वितळतो तिथे. तुम्ही पहिल्या दिवशी काढलेला फोटो बघा, थर सगळ्यात जाड जिकडे होता ती नळी, बहुधा कॅपिलरी शिरते त्या बाजूची, पण हीटरपासून लांब. बायमेटल नळीला घट्ट टेकला पाहिजे, फिनवर लोंबकळत नको. क्लिप नसेल तर दोन जागी स्टीलच्या बारीक तारेने आवळा, प्लास्टिकचा टाय नको. हीटरच्या जवळ बसवलात तर तो पाच मिनिटांत तोडेल आणि आठवड्याभरात तुम्ही परत इथेच फोटो टाकाल.